तीन अक्षरांतलं एक

सुरेखा शेळके कुणालाही मालिका सुचवायची तेव्हा तिचं नाव सांगायची नाही. कोरियन नावं तिला जमत नव्हती असं नाही. आमच्या अख्ख्या कंपनीत ती नीट उच्चारणारी ती एकटीच. पण तिचं म्हणणं असं, की नाव सांगितलं की माणूस "बघतो हां" म्हणतो आणि विसरून जातो. त्यातली बाई काम काय करते ते सांगितलं की लक्षात राहतं. म्हणून तिने त्या मालिकांना स्वतःच नावं दिली होती. घड्याळवाली, घंटावाली, नकाशावाली. घड्याळवाली म्हणजे मेलेल्या भावाचे कपडे घालून राजवाड्यातल्या पाण्याच्या घड्याळावर नोकरीला लागलेली मुलगी. घंटावाली देवळांच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात पुरुष म्हणून राबणारी. नकाशावाली डोंगर मोजत फिरणाऱ्या सरकारी तांड्यात शिरलेली. सगळ्या जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातल्या, आणि सगळ्यांत मुलगी पुरुषाचा वेश घेणारी. दुसऱ्या प्रकारची मालिका सुरेखा बघत नसे. "आत्ताच्या काळातल्या कशाला बघायच्या?" ती म्हणायची. "त्यात पोरी हापिसात जात्यात, कॉफी पित्यात. त्ये आपुन बी करतो."

आमची कंपनी चाकणच्या एमआयडीसीत, मोटारींच्या दरवाज्यांना लागणारे पत्र्याचे लहान भाग करणारी. मी क्वालिटीचा सुपरवायझर होतो आणि सुरेखा माझ्या हाताखाली इन्स्पेक्टर. सहा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. मी चिंचवडहून कंपनीच्या बसने यायचो, ती राजगुरुनगरहून एसटीने. माहेर चऱ्होलीचं, जुन्या शेतकरी घरातलं. तिथलं 'व्हय' आणि 'न्हाई' तिच्या बोलण्यात तसंच राहिलं होतं. रिपोर्ट मात्र इतका नेटका लिहायची की त्यावरचे आकडे छापल्यासारखे दिसायचे.

आता माझी पासष्टी उलटून गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्याला कारण आहे, ते पुढे येईल. आधी ती कशी होती ते सांगतो. ते कारण आधी सांगितलं तर वाचणाऱ्याचं लक्ष माझ्याकडे जाईल.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एका टेबलावर बसायचो: मी, सुरेखा आणि स्टोअरचा गव्हाणे. गव्हाणे परभणीकडचा, अंगाने थोराड आणि मनाने हळवा. डबे उघडले की सुरेखाची गोष्ट सुरू व्हायची. तिचं सुचवणं म्हणजे डॉक्टरने औषध लिहून द्यावं तसं होतं. सगळ्यांना एकच मालिका ती कधी सांगत नसे. समोरच्याकडे नीट बघायची, मग ठरवायची. पॅकिंगमधल्या एका बाईचं सासूशी बिनसलं होतं, तिला नकाशावाली दिली. "लई चालती ती पोरगी. घरात बसून राग जात न्हाई, तिच्याबरूबर चाल." गव्हाण्याचे वडील गेले आणि तो पंधरा दिवस सगळ्यांशी हसून बोलत राहिला, तेव्हा त्याला म्हणाली, "गव्हाणेभाऊ, तुमी घंटावाली बघा. तुमाला रडायची गरज हाय."

"मी कशाला रडू?" गव्हाणे म्हणाला. "मला काय झालंय?"

"बघा तर खरं. पहिलं दोन भाग सोसा. तिसऱ्यात ती केस बांधती. केस बांधल्याबिगर गोष्ट सुरू व्हत न्हाई."

हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या काळातल्या पुरुषांसारखी डोक्यावर गाठ मारून मुलगी आरशासमोर उभी राहते, तिथून पुढे बघायचं. त्याआधीचं सगळं नुसतं सोसायचं. गव्हाण्याने आठवडाभरात घंटावाली संपवली आणि एका सकाळी डोळे सुजवून आला. सुरेखाने आपल्या डब्यातली मेथीची भाजी त्याच्या डब्यात सरकवली.

पण गव्हाण्याची एक तक्रार कायम होती. "तू कायबी सांगायलीस, सुरेखाताई. ती पोरगी हाय म्हणून मला पहिल्या झटक्यात कळायलंय. गाल बघ, हात बघ. मग त्या राजाला कसं कळंना? आंधळा हाय का त्यो?"

सुरेखा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "राजा काम बघतो, भाऊ. तोंड बघत न्हाई. म्हणून तर मला बघू वाटतं."

त्या वेळी मी हसलो होतो. एवढंच आठवतं.

कंपनीत सगळ्यांना एकच गणवेश: करडा शर्ट, करडी पँट, लोखंडी टोकाचे बूट आणि टोपी. सुरेखाची वेणी टोपीत जायची. एकदा माल न्यायला आलेला एक ट्रकवाला तिला मागून "ए भावा, चलन कुठं करायचं?" म्हणाला. तिने वळूनही न बघता आवाज जाड करून सांगितलं, "सरळ जा, डावीकडं, गव्हाणेसाहेबांकडं." तो गेला. दिवसभर ती त्याच खुशीत होती. "साहेब, आपली बी एक मालिका व्हईल," मला म्हणाली. "मापंवाली."

आमच्या दोघांच्या सह्यांचा एक घोळ होता. माझं नाव सुधाकर रामचंद्र साबळे. तिचं सुरेखा रमेश शेळके. आमच्याकडे ड्रॉइंगवर आणि रिपोर्टवर पूर्ण नाव लिहायची पद्धत नव्हती, इंग्रजी आद्याक्षरं टाकायची. म्हणजे मीही एस. आर. एस. आणि तीही एस. आर. एस. ती नवीन होती तेव्हा मी तिला म्हणालो, "तू काहीतरी वेगळं लिहीत जा, गोंधळ होतो."

"काय लिहू?" ती म्हणाली. "लग्नाच्या आदी मी एस. व्ही. टी. होते. लग्न झालं, आर नवऱ्याचा आला, पुढचा एस सासरचा. तीन अक्षरांतलं एकच माझं हाय, साहेब. त्ये बी बदलू का?"

मी म्हणालो, राहू दे. आपल्या खोलीत दोघंच तर आहोत, कोणाचं अक्षर कोणतं ते आपल्याला कळतं.

कोरिया हे तिचं वेड नुसतं मोबाइलच्या पडद्यापुरतं नव्हतं. तिने पासपोर्ट काढला होता. पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा गल्ली गोळा झाली. पोलिसाने विचारलं, कुठे जाणार? ही म्हणाली, कोरियाला. कशाला? "बघायला." नोकरी आहे तिथे? नाही. नातेवाईक? नाही. तिकीट काढलं? तेही नाही. पोलिसाने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "तिला सोडून मला काय इचारताय? तिचं मन हाय." हे सगळं ती टेबलावर साभिनय सांगायची. पासपोर्टसाठी कंपनीचा दाखला लागला, तो तयार करून सही केली ती मीच. म्हणजे तिच्याकडे पासपोर्ट आहे हे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आमचा माल ज्या गाडी कंपनीला जायचा ती कोरियन होती. त्यांचे साहेब वर्षातून दोनदा तपासणीला यायचे, बरोबर पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून असायची. एका खेपेला त्यांचा मुख्य साहेब, पन्नाशीचा, केस पांढरे झालेला, आमच्या खोलीत आला. आम्ही सगळे इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणालो. सुरेखा पुढे झाली, कमरेत वाकली आणि कोरियनमध्ये एक शब्द बोलली. दुभाषी मुलीने तोंडावर वही धरली. साहेबाने दोन क्षण सुरेखाकडे बघितलं आणि मग तोही तसाच खोल वाकला आणि मोठ्या गंभीर आवाजात काहीतरी लांबलचक बोलला.

ते गेल्यावर दुभाषी मुलगी मागे राहिली. "ताई, तुम्ही त्यांना 'महाराज' म्हणालात."

"मंग काय म्हणायचं असतं?"

"साधं नमस्कार म्हणतात."

"त्ये मालिकेत कुणी म्हणत न्हाई," सुरेखा म्हणाली. आणि मग, "त्ये काय म्हणले?"

"म्हणाले, उठा प्रधानजी, राज्याचा कारभार कसा चालला आहे ते सांगा."

कितीतरी महिने गव्हाणे तिला प्रधानजी म्हणत होता.

आता त्या ब्रॅकेटबद्दल. दरवाज्याच्या बिजागरीचा एक लहान पत्र्याचा भाग आम्ही करायचो, डाव्या दारासाठी वेगळा, उजव्यासाठी वेगळा. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. फरक एका भोकाच्या जागेचा, तोही दीड मिलिमीटरचा. कोरियन कंपनीकडून तक्रारी यायला लागल्या की उजव्यांच्या पेटीत डावे निघतात. आम्ही माणसं वाढवली, दोनदा तपासलं, पेट्यांना रंग दिले. तरी डावे निघतच होते. हा माल हातचा जाईल असं प्लँट हेड उघड बोलू लागले.

सुरेखा चार दिवस तपासणीच्या टेबलाशी नुसती उभी राहिली. आमच्याकडे भाग तपासायला एक लोखंडी साचा असतो, त्यात तो भाग बसवून बघायचा. बसला तर बरोबर. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "साहेब, आपुन तोंड बघतोय. डावा उजव्याचा वेश घिऊन आलाय आन आपुन त्याचं तोंड बघतोय. त्ये सारखंच हाय. तो बसतो कसा त्ये बघाय पाहिजे."

मला कळलं नाही. ती म्हणाली, मालिकेत मुलगी कधी पकडली जाते? चेहऱ्याने कधीच नाही. राजवाड्याच्या दरवाज्याला मोठा उंच उंबरा असतो. पुरुषाचे कपडे घालून ती महिनोन्महिने वावरते, आणि एक दिवस घाईत उंबरा ओलांडताना तिचा हात आपोआप खाली जातो, घागरा उचलायला. घागरा नसतोच. पण सवय असते. बघणारा तिथे ओळखतो. "आपल्या साच्याला उंबराच न्हाई, साहेब. डावा बी बसतो, उजवा बी बसतो. उंबरा घाला, मंग बघा कोण अडखळतंय."

तिने उजव्याच्या साच्यात एक बारीक खुंटी सुचवली, फक्त उजव्याच्या भोकातून जाईल अशी. डावा ठेवला की तो त्या खुंटीवर अडून तिरका राहणार, आंधळ्यालाही कळेल. डाव्यासाठी तसाच वेगळा साचा. ड्रॉइंग तिने घरी बसून काढून आणलं. खाली 'काढणार' या चौकटीत तिने लिहिलं एस. आर. एस. 'तपासणार' या चौकटीत मी लिहिलं एस. आर. एस. साचे तयार झाले, आणि त्या दिवसापासून एकही डावा उजव्यांच्या पेटीत गेला नाही.

तीन महिन्यांनी कोरियन कंपनीचं पत्र आलं. या ड्रॉइंगवर ज्याची सही आहे त्या मिस्टर एस. आर. एस. यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी कोरियाला पाठवावं, सगळी सोय ते करतील. प्लँट हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर ड्रॉइंगची झेरॉक्स होती. दोन्ही चौकटींत तीच तीन अक्षरं.

"साबळे, हे तुमचंच ना?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "आमच्याच डिपार्टमेंटचं आहे, सर."

बस. एवढंच म्हणालो. ते उठले, हात पुढे केला, आणि मी तो हातात घेतला.

यावर मी इतकी वर्षं स्वतःशी बरंच बोललो आहे. मी खोटं बोललो नाही, प्रश्नाचं उत्तर दिलं. तिची मुलगी लहान होती. तिला घरून सोडलं नसतं. मला निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, मी उभ्या आयुष्यात विमानात बसलो नव्हतो. यातलं एकही कारण त्या केबिनमध्ये माझ्या मनात नव्हतं. ती सगळी नंतर जमवली. त्या वेळी एवढंच वाटलं की कुणीतरी मला विचारतं आहे.

ते ड्रॉइंग सुरेखा रमेश शेळके हिचं होतं. कल्पनाही तिची, खुंटीही तिची, तोंड न बघण्याचं ते वाक्यही तिचं. मी फक्त तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. गव्हाणे जेवताना डब्यातून मान वर काढत नव्हता. सुरेखा डबा उघडून बसली आणि म्हणाली, "साहेब, तितं थंडी लई असती. कानाला बांधा." मग पिशवीतून आपली तीन मीटरची टेप काढून माझ्यापुढे ठेवली. "एक काम करा माझं. राजवाड्यात न्हेतील तुमाला, सगळ्यांना न्हेत्यात. दरवाज्याचा उंबरा मोजून या. सेटवर उंच करत्यात का खराच तेवढा असतो, मला बघायचंय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं झालं असतं.

तिकडे पहिल्याच दिवशी एका मोठ्या खोलीत त्यांनी माझी ओळख करून दिली, पडद्यावर ड्रॉइंग दाखवलं आणि विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी म्हणालो, "तोंड बघायचं नाही. बसतो कसा ते बघायचं." दुभाष्याने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो पांढऱ्या केसांचा साहेब टाळ्या संपल्यावर माझ्याजवळ आला आणि इंग्रजीत म्हणाला, मला महाराज म्हणणारी ती बाई कशी आहे? मी म्हणालो, ठीक आहे. तो हसला, म्हणाला, तिला माझा नमस्कार सांगा. तो नमस्कारही मी पोचवला नाही.

रविवारी आम्हाला राजवाडा बघायला नेलं. टेप माझ्या कोटाच्या खिशात होती. दरवाज्यापाशी तरुण पोरींची गर्दी. तिथे जुन्या काळचे कपडे भाड्याने मिळतात, ते घालून सगळ्या फोटो काढत होत्या. त्यांत दोघींनी पुरुषांचा वेश घेतला होता. लांब झगा, डोक्यावर काळी जाळीची टोपी, टोपीखाली केसांची गाठ. कमरेवर हात ठेवून ऐटीत चालत होत्या आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी त्या दोघींकडे बघत उभा राहिलो. सुरेखा तिथे असती तर तिने काय केलं असतं ते मला अगदी स्पष्ट दिसलं. दहा मिनिटांत केस बांधून, झगा चढवून ती त्या उंबऱ्यावरून चार वेळा ये-जा करून आली असती.

उंबरा माझ्यापासून वीस पावलांवर होता. तिची टेप घेऊन त्याच्यापुढे माझ्याने वाकवलं नाही. गुडघा दुखतो असं सांगून मी बसमध्ये जाऊन बसलो.

परत आल्यावर सगळ्यांना तिकडचा खाऊ वाटला. सुरेखाने टेप परत घेतली आणि वही उघडली. "किती भरला?"

"बरोबर एक फूट," मी म्हणालो.

इथे क्वालिटीत काम न केलेल्या वाचकासाठी थांबतो. आमच्या धंद्यात चूक माफ होते, पण मोजमाप न घेता टेबलावर बसून मनाने आकडा भरणं माफ होत नाही. आणि तो कसा ओळखायचा ते सुरेखा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायची: खरं माप कधी पुऱ्या आकड्यात येत नाही. त्याला शेपूट असतं. पुरा आकडा दिसला की समजायचं, माणूस जागेवरून उठलेला नाही.

"एक फूट," ती म्हणाली. "म्हंजी तीनशे चार पॉइंट आठ."

"हो."

पेन तिच्या हातात होतं. तिने ते टोपण लावून खिशात ठेवलं, वही मिटली आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतरही आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवायचो. ती पूर्वीसारखीच बोलायची, कामात कुठे खोट नाही, आदरात कमी नाही. पॅकिंगच्या बायकांना, वॉचमनला, नव्याने लागलेल्या अकाउंटंटला ती मालिका सुचवत होती. मला मात्र तिने पुन्हा एकही सुचवली नाही. मी कधी मुद्दाम उदास चेहरा करून बसायचो. ती बघायची, आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवायची.

माझ्या निरोपाच्या दिवशी प्लँट हेडनी शाल घातली आणि भाषणात त्या साच्याचा उल्लेख केला. मी तिच्याकडे बघितलं नाही. टाळ्यांत तिच्याही टाळ्या होत्या, त्या मला वेगळ्या ऐकू आल्या.

नंतरच्या काळात मी एक-दोन गोष्टी केल्या, त्याही सांगून टाकतो. कंपनीला पत्र लिहिलं की ते ड्रॉइंग शेळके यांचं होतं, नोंद दुरुस्त करावी. क्वालिटीच्या नव्या मॅनेजरचा फोन आला, पोरगा नम्र होता. "काका, तो पार्टच बंद झालाय. साचे भंगारात गेले. आता कुठे नोंद करू?" सुरेखाचा पत्ता विचारला तर म्हणाला, त्यांनी कंपनी सोडली, नाशिककडे कुठेतरी गेल्या. तिचा नंबर लागत नाही. गव्हाणे परभणीला परत गेला, त्याच्याकडेही नाही. हल्ली दुपारी मी सुनेच्या टॅबवर तसल्या मालिका बघतो. चौदा झाल्या. घड्याळवाली सापडली, नकाशावाली सापडली. पहिले दोन भाग सोसतो. तिसऱ्यात मुलगी केस बांधायला आरशासमोर बसली की मला टेबलाच्या पलीकडून आवाज हवासा वाटतो, आणि घरात कुणी नसतं.

तिला शेवटचं बघितलं ते निवृत्तीनंतर वर्षाने. पीएफच्या कागदावर एक सही हवी होती म्हणून कंपनीत गेलो होतो. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली. गेटवर ती भेटली. टोपी काढलेली, वेणी पाठीवर, हातात डब्याची पिशवी. "साहेब, वाळला की तुमी," म्हणाली. आम्ही दोघं तळेगाव चौकाकडच्या स्टॉपपर्यंत चालत आलो. मुलगी सातवीत गेली होती. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सगळं सांगून झालं.

मी म्हणालो, "सुरेखा, आता मला वेळच वेळ आहे. एखादी सांग की बघायला."

तिने माझ्याकडे बघितलं, पूर्वी सुचवण्याआधी बघायची तसं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "आज तुमीच सांगा, साहेब."

राजगुरुनगरची बस आली. तिने हात केला नाही. बस निघून गेली.

मी म्हणालो, "तो उंबरा मी मोजला नव्हता."

"व्हय," ती म्हणाली.

"दरवाज्यापर्यंत गेलो होतो. पुढे गेलो नाही."

"बरं."

ती उभी राहिली. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ती कशासाठी थांबली आहे ते मला कळत होतं. तोंडात शब्द होते. ते ड्रॉइंग तुझं होतं, मी जायला नको होतं, दोनच वाक्यं. मी म्हणालो, "थंडी फार होती तिथे."

दुसरी बस आली. अर्धी रिकामी होती. कंडक्टरने दारातून "खेड, खेड" असा राजगुरुनगरच्या जुन्या नावाने पुकारा केला, तिच्याकडे बघून थांबलाही. तिने मान हलवली, तेव्हा त्याने घंटी मारली.

आणखी पंधरा मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. मी पीएफच्या कागदांबद्दल बोललो. ऊन उतरायला लागलं होतं. तिसरी बस आली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, ही काय शेवटची न्हाई. पण घरी पोरगी वाट बघती."

ती चढली. खिडकीपाशी बसायला जागा मिळाली तिला. बस वीस-पंचवीस पावलं गेली आणि उभी राहिली. चौकात एक लांबलचक कंटेनर वळताना अडकला होता, पुढेमागे सगळा रस्ता भरून गेला. हॉर्न वाजत होते. खिडकीची काच उघडी होती. तिने मान बाहेर काढली नाही, हात हलवला नाही, मोबाइलही काढला नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली. मला तिच्या कपाळावरची टोपीची खूण दिसत होती, इतक्या जवळ होती ती. दहा मिनिटं तरी तो कंटेनर हलला नाही. मी स्टॉपच्या खांबाला धरून उभा होतो. मग पोलिसाने शिट्टी मारली, चाकं वळली, बस सुटली, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिने तोंड फिरवलं नाही.